परीक्षा पायांची की पायऱ्यांची?

शाळा आणि परीक्षा यांचे नाते इतके निकटचे आहे की, एकीचे नाव घेताच दुसरीची आठवण व्हावी. चाचणी, सहामाही, वार्षिक, झालेच तर चित्रकलेची आणि वक्तृत्वाची, अशा परीक्षांची मालिका वर्षभर चालू असते. शिवाय अधूनमधून डॉक्टर येतात; आमची उंची, वजन, दात, डोळे पाहून जातात. मात्र ज्या विद्यार्थ्याला चालताना, बसताना, जिना चढताना किंवा लेखणी धरताना शरीराची साथ अपुरी पडते, त्याच्या हालचालींची शास्त्रशुद्ध पाहणी शाळेच्या आवारातच व्हावी आणि तिच्यावरून त्याच्या शालेय जीवनाची व्यवस्था लावावी, ही परीक्षा आपल्या बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात आढळत नाही. ती का असावी आणि कशी असावी, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आरंभीच एक शंका येईल. दिव्यांग मुलांची तपासणी होत नाही असे कसे म्हणता? त्यांना प्रमाणपत्र मिळते ना? मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या नव्या कायद्याने ते एकवीस केले. हालचालींशी संबंधित दोष, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा उत्तरोत्तर होणारा ऱ्हास यांचा त्यांत समावेश आहे. रुग्णालयातील तज्ज्ञ सांधा किती वळतो, स्नायूंत जोर किती, हे पाहून टक्केवारी ठरवितात. ती चाळीस वा अधिक असली म्हणजे ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ठरते आणि सवलतींचा मार्ग मोकळा होतो. सहा ते अठरा वर्षे वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे.

परंतु टक्केवारी ही सरकारी न्यायनिवाड्याची सोय आहे. कोणाला सवलत द्यावी आणि कोणाला नाही, हे ठरविण्यास काहीतरी रेषा लागतेच. शाळेला हवी असलेली माहिती त्या आकड्यात नसते. समजा, दोन विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांवर पन्नास हाच आकडा आहे. एकाचा पाय अधू आहे, पण हात बळकट आहेत. कुबड्यांच्या आधारे तो अंगण झपाट्याने ओलांडतो. दुसऱ्याला मेंदूच्या पक्षाघातामुळे चालता येते, पण तोल राहत नाही; बाकावर सरळ बसण्यातच त्याची निम्मी शक्ती खर्ची पडते आणि तिसऱ्या तासापर्यंत मान खाली जाते. गुरुजींना वाटते, मुलाचे लक्ष नाही. घरच्यांना वाटते, मुलगा आळशी आहे. वस्तुतः बाक चार अंगुळे उंच आहे आणि मुलाचे पाय अधांतरी लोंबत आहेत. पायांखाली एक पाट ठेवला असता, तर त्याचे गणित सुधारले असते! आकडा दोघांचा एकच. गरजा मात्र सर्वस्वी भिन्न.

रुग्णालयातील तपासणी आणि शाळेतील मूल्यमापन यांत हाच मूलभूत भेद आहे. रुग्णालयात विचारतात, ‘या शरीरात काय उणे आहे?’ शाळेत विचारावयाचा प्रश्न असा की, ‘या मुलाला शाळेच्या दिवसात काय काय करावे लागते, त्यांतले त्याला काय जमते आणि जे जमत नाही त्याच्या आड नेमके काय येते?’ कधी आड येतो तो स्नायू, कधी पायरी. पायांची परीक्षा रुग्णालयात होऊ शकेल. पायऱ्यांची परीक्षा शाळेतच करावी लागते.

जेथे माणूस राहतो व वावरतो, तेथेच त्याची गरज कळते, या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या राजस्थानात सापडते. १९६८ च्या सुमारास जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो कृत्रिम पाय घडविला, तो ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेला. त्यापूर्वी परदेशी धर्तीचे पाय मिळत नव्हते असे नाही. पण ते बुटांत घालावयाचे, खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेले. आपला शेतकरी अनवाणी चिखलातून चालतो, उकिडवा बसतो, जेवावयास मांडी घालतो. तो परदेशी पाय कोपऱ्यात टाकून देई आणि पुन्हा काठी धरी. शर्मा व सेठी यांनी प्रथम हा दिनक्रम पाहिला आणि मग पाय घडविला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्काराचा मान मिळाला. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो दिनक्रम म्हणजे आमची शाळा होय.

आता हे मूल्यमापन प्रत्यक्षात कसे होते, ते पाहू. व्यायाम, हालचाल आणि आधाराची साधने यांच्या योगे शरीराची कार्यक्षमता वाढविणारे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार. तो करणाऱ्या तज्ज्ञांस आपण बोलताना फिजिओथेरपिस्ट म्हणतो. ते प्रथम मुलाशी व त्याच्या आईवडिलांशी बोलतात; कोठे दुखते, काय अवघड जाते, मुलाला स्वतःला काय करावेसे वाटते, हे विचारतात. मग कोनमापकाने सांध्यांची हालचाल मोजतात. स्नायूंचा जोर शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदतात: शून्य म्हणजे हालचालीचा मागमूसही नाही, तीन म्हणजे अवयव स्वतःच्या भारावर मात करून उचलता येतो आणि पाच म्हणजे पूर्ण बळ. तोल, चालण्याची ढब, दमसास यांचीही नोंद होते. येथवरचे काम दवाखान्यातही होऊ शकेल.

यानंतर तज्ज्ञ मुलाबरोबर शाळेचा दिवस चालून पाहतात. फाटकापासून वर्गापर्यंत किती वेळ लागतो? दप्तर कोण उचलतो? बाकावर बसले असता कंबर, गुडघा व घोटा काटकोनात राहतात काय, आणि तळवे जमिनीला टेकतात काय? खालच्या वर्गांत सतरंजीवर बसविण्याची पद्धत असेल, तर कॅलिपर बांधलेला मुलगा मांडी कशी घालणार? प्रार्थनेला दहा मिनिटे उभे राहणे झेपते काय? प्रयोगशाळेतील टेबलापर्यंत हात पोहोचतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, पण संकोचापायी कोणीही न विचारलेले: स्वच्छतागृहापर्यंत जाता येते काय? ते दूर, ओले आणि दोन पायऱ्या खाली असेल, तर मूल एक मुकाट उपाय शोधते. ते दिवसभर पाणीच पीत नाही. ही गोष्ट कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते.

अशा पाहणीअंती जो लेखी अहवाल होतो, त्यात पुष्कळदा औषधही नसते आणि मोठा खर्चही नसतो. वर्ग तळमजल्यावर आणावा; पुस्तकांचा एक संच शाळेत व एक घरी ठेवावा; तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे मुलास निघू द्यावे; जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावावा; लिहिण्यासाठी उतरती फळी द्यावी; अमुक तीन व्यायाम शाळेतच रोज करवून घ्यावेत. जेथे बांधकाम लागते, तेथेही मोजमाप ठरलेले आहे. उताराचे प्रमाण बारास एक असावे, म्हणजे दोन फूट उंचीच्या जोत्यास चोवीस फूट लांबीचा उतार हवा. लष्करातील जुन्या धाटणीच्या, उंच जोत्याच्या दगडी इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ सहज कळेल. पायऱ्यांवर चार फूट फळी टाकून ‘रॅम्प केला’ असे सांगणे ही स्वतःची फसवणूक आहे; त्यावरून चाकांची खुर्ची चढत नाही, उलटी मात्र येते.

मूल्यमापन नसले म्हणजे शाळेच्या हातून दोन परस्परविरुद्ध अन्याय घडतात. पहिला अन्याय सुटीचा. कवायतीचा तास आला की अशा मुलाला सांगितले जाते, ‘तू वर्गातच बस.’ यात हेतू दयेचाच असतो. परंतु ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज, त्यालाच व्यायामातून वगळले जाते. सांधे आखडतात, स्नायू आकसतात आणि सवंगड्यांपासून तो तुटतो तो निराळाच. दुसरा अन्याय सक्तीचा. ‘जरा जोर लाव, सवयीने येईल,’ असे म्हणून सर्वांना एकाच मापाने धावविले जाते. मेंदूच्या पक्षाघातात बेतलेल्या व्यायामाने हित होते, तर स्नायूंच्या ऱ्हासाच्या विकारात थकवून टाकणाऱ्या व्यायामाने हानी होऊ शकते. बाहेरून पाहता दोन्ही मुले अडखळत चालणारीच दिसतात! त्यांतला फरक क्रीडाशिक्षकांनी नुसत्या नजरेने ओळखावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती अहवाल असेल, तरच ते दया आणि सक्ती या दोहोंमधला योग्य मार्ग काढू शकतील.

कोणी म्हणेल, आता पोलिओ गेला, मग हा प्रश्न उरला कोठे? भौतिकोपचाराची चळवळ आपल्याकडे पोलिओच्या निमित्तानेच वाढली, हे खरे. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या कन्येला पोलिओ झाला, तेव्हा त्या मातेने केवळ आपल्या मुलीचा विचार न करता १९४७ साली अशा सर्वच मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. पुढे १९५५ साली मुंबईतच हाजी अली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हा विजय मोठाच. परंतु मेंदूचा पक्षाघात, मणक्याचे जन्मजात दोष, स्नायूंचे विकार, अपघात ही कारणे उरलीच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांतील साधारण पाचवा हिस्सा चलनवलनाच्या दोषांचा होता. पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते आणि सुमारे १२ टक्के मुले शाळेत जाऊन मग बाहेर पडली होती. हे बारा टक्के आम्हा शाळांना विचार करावयास लावणारे आहेत. त्यांना दार उघडले गेले होते. मग ती परत का गेली?

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याअन्वये फिरते वैद्यकीय पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुले तपासते आणि ज्यांना आवश्यक त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडते. समग्र शिक्षा अभियानातून तपासणीची शिबिरे भरतात, साधने दिली जातात. २०१६ च्या कायद्याने तर सरकारी व मान्यताप्राप्त शाळांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे: इमारत सुगम करावी, विद्यार्थ्याच्या गरजेनुसार योग्य सोय करून द्यावी, खेळांतही समान संधी द्यावी आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी व्हावी, असेही कलम त्यात आहे.

तरीही मधला दुवा निसटतो. फिरत्या पथकाच्या रचनेत दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. फिजिओथेरपिस्ट असतो तो जिल्ह्याच्या केंद्रात. पथक शाळेत येते, पण जिना पाहणे हे त्याचे काम नव्हे. केंद्रातला तज्ज्ञ जाणकार असतो, पण त्याने आमचा जिना पाहिलेला नसतो. शिबिरात मुलाचे माप घेऊन कॅलिपर वा खुर्ची दिली जाते, परंतु वाढत्या वयाचे मूल वर्षभरात दोन बोटे वाढते आणि कॅलिपर तेवढाच राहतो. एकदा केलेली तपासणी मुलाला जन्मभर पुरत नाही. अमेरिकेत १९७५ सालच्या कायद्याने भौतिकोपचार हा शिक्षणाला पूरक सेवांमध्ये गणला. तेथे गरजू विद्यार्थ्याची लेखी योजना निदान वर्षातून एकदा पुन्हा पाहावी लागते आणि तीन वर्षांच्या आत सामान्यतः फेरमूल्यमापनही व्हावे लागते. त्यांच्याइतका पैसा आपल्यापाशी नसेल. पण वर्षातून एकदा पुन्हा पाहण्याची शिस्त पैशावर अवलंबून नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम रुग्णालयाचे, शाळेने शिकवावे. परंतु मूल शाळेत पोहोचून नीट बसू शकले नाही, तर शिकवावयाचे कोणाला? दुसरा आक्षेप, अशा तपासणीने मुलावर शिक्का बसतो. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच तपासणी चारचौघांत न होता एकान्तात, पालकांच्या संमतीने व मुलाच्या होकाराने व्हावी. अहवाल संबंधित शिक्षकांपुरता राहावा. आणि त्याचा उपयोग प्रवेश नाकारण्यासाठी किंवा ‘याने घरीच शिकावे’ असे सुचविण्यासाठी कदापि होऊ नये. तिसरा आक्षेप, तज्ज्ञ आणावयाचे कोठून?

इतर गावांचे राहो. ग्वाल्हेरकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. येथे १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. १८५७ च्या स्मृतिशताब्दीनिमित्त १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने निघालेले शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आज राष्ट्रीय संस्थान म्हणून येथेच नांदत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१९ साली दिव्यांगांच्या क्रीडाकेंद्राला मंजुरी दिली, तीही याच नगरासाठी. ज्या शहरात दिव्यांग खेळाडू घडविण्याची योजना आहे, त्या शहरातील शाळेत दिव्यांग मुलाला कवायतीच्या तासाला वर्गात बसवून ठेवणे शोभत नाही. चार-पाच शाळांनी मिळून जूनमध्ये एका तज्ज्ञास प्रत्येकी एक दिवस बोलवावे आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा. वर्षाकाठी दोन दिवसांचा हा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून अधिक होईल, असे वाटत नाही.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या मराठी घरांत मुलाचे दुखणे झाकण्याची, विशेषतः मुलीचे, एक जुनी रीत आहे. ‘उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल,’ या धाकाने लंगडणाऱ्या मुलीला मोठ्या परकरात आणि घराच्या चार भिंतींत लपविले जाते. तपासणी टळते, व्यायाम टळतो, आणि जो सांधा दहाव्या वर्षी सैल राहिला असता, तो सोळाव्या वर्षी आखडून बसतो. लपविल्याने दोष नाहीसा होत नाही. त्याचे आयुष्य मात्र वाढते.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याविषयी. ज्या महादजी शिंद्यांचे नाव या भूमीशी जोडलेले आहे, ते पानिपतच्या रणातून १७६१ साली जबर जखमी होऊन परतले आणि पुढे जन्मभर लंगडत चालले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले व दक्षिणेत आणले. महादजींनी त्याला भाऊ मानले. पण नीट लक्षात घ्या: राणेखानाने त्यांना संकटाच्या वेळी उचलले, नंतरची तेहतीस वर्षे महादजी आपल्या हिमतीवर घोड्यावर बसले आणि दिल्लीचे राजकारण त्यांनी पेलले. आपल्या मित्राला रोज उचलून माडीवर नेणारी मुले पाहिली की मन भरून येते, आणि त्यांचे कौतुक व्हावयासच हवे. तथापि ज्याला रोज उचलावे लागते, त्याला रोज कोणाची तरी वाट पाहावी लागते. मित्र आजारी पडला की त्याचीही शाळा बुडते. त्याला तुमच्या खांद्यापेक्षा एक उतार, एक कठडा आणि तळमजल्यावरचा वर्ग अधिक उपयोगी पडेल.

तेव्हा येत्या जूनमध्ये शाळा उघडताना प्रत्येक शाळेने एक साधी यादी करावी: आपल्याकडे अशी मुले किती, त्यांचे शेवटचे मूल्यमापन केव्हा झाले आणि ते कोठे झाले. यादीतील शेवटच्या रकान्यात ‘शाळेत’ हा शब्द जोवर लिहिता येत नाही, तोवर आपली परीक्षा अपुरीच राहिली असे समजावे.